घरची मशीन

आज सकाळी गल्लीत धूर मारणारी गाडी आली. आधी तिचा फटफट आवाज, मग डोळ्यांत चुरचुरणारा तो पांढरा डिझेलचा धूर. मी धावत खिडक्या लावल्या, दुधावर झाकण ठेवलं, गॅलरीतले कपडे ओढून आत आणले, तेवढ्यात धूर घरात शिरलाच. खोकत खोकत म्हटलं, आला बाप्पा. आला हा सीझन परत.

बाकीच्या महाराष्ट्राला तीन ऋतू पुरतात, आमच्या नागपूरला एक जास्तीचा लागतो. पोळा फुटला, मारबत निघाली, गणपती गेले, की तो सुरू होतो आणि दिवाळीचे दिवे लागेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. पाऊस संपत आलेला असतो, पण जात नाही. दुपारी ऊन असं पडतं की मे परवडला. उन्हाळ्यात लावलेले कूलर अजून खिडक्यांना तसेच असतात, कारण ऑक्टोबरची गरमी यायची असते आणि कूलर काढायचं काम प्रत्येक घरात पुढच्या रविवारी असतं. त्या टाक्यांत हिरवं पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मनपाची माणसं दारोदार येऊन टाकीत टॉर्च मारतात, आपण म्हणतो कालच तर धुतला, तेही मान डोलावून पुढच्या घरी जातात. गल्लीतल्या पपईच्या झाडाला एक पान राहत नाही, कोणीतरी सकाळीच खुडून नेलेलं असतं, रस काढायला. आणि फळांच्या गाड्यांवर किवी. संत्र्यांच्या गावात लोक एकमेकांच्या आजाऱ्यांच्या उशाशी किवी नेऊन ठेवतात. चिडचिड होते नुसती.

आणि सगळ्यांत जास्त चिडचिड याची होते, की मी या सीझनची वाट पाहते. शेतकरी पावसाची पाहतो, दुकानदार दिवाळीची पाहतो, मी डेंग्यूची पाहते. हे कोणाला सांगता येत नाही. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मीही गर्दीत ओरडले आहे, रोगराई घेऊन जा गे मारबत, डास-मच्छर घेऊन जा गे मारबत. आता त्या पिवळ्या मारबतीचा पुतळा मिरवणुकीत समोरून जातो तेव्हा माझा अर्धाच आवाज निघतो. तिनं खरंच सगळं नेलं तर मी माझ्या चिपवर काय टाकू?

चिप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या सासरच्या, खापरखेड्याच्या लोकांसारखे मोठं यंत्र डोळ्यांसमोर आणाल. नखाएवढी काचेची चकती. तिच्यावर सोन्याचा थर, आणि त्या थरावर सोन्याचेच कण, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसतील. त्या कणांवर आम्ही लॅबमधली माणसं अँटीबॉडी चिकटवतो. डेंग्यूचा विषाणू अंगात वाढायला लागला की त्याचं एक प्रथिन पहिल्या दिवसापासूनच रक्तात सुटतं. ते प्रथिन चिपवर आलं की अँटीबॉडी त्याला धरते, धरलं की चिपमधून जाणाऱ्या विजेत किंचित फरक पडतो आणि स्क्रीनवरची रेषा वर चढते. बस, एवढंच. एक थेंब, एक रेषा. गावातल्या उपकेंद्रात, जिथे मोठी लॅब नाही, तिथे तापानं फणफणलेल्या माणसाला तिथल्या तिथे सांगता यावं, एवढी साधी इच्छा.

मिठाच्या पाण्यात ही चिप सोन्यासारखी वागते. प्रथिन टाका, रेषा चढते. दुप्पट टाका, दुप्पट चढते. पाहुणे आले तर दाखवावी अशी मुलगी. पण तीच चिप रक्तात घाला. रक्तात प्रथिनांची जत्रा असते हो. आमचं बोलावणं एकालाच असतं, पण पंगतीत पाट मांडावेत आणि गावातली रिकामी माणसं आधीच येऊन मांडी घालून बसावीत, तसं होतं. ज्याला बोलावलं तो दारातच उभा. मग रेषा कधी उगाच चढते, कधी अजिबात चढत नाही, आणि मी स्टुलावर बसून कपाळ धरते. परदेशातून छापून येणाऱ्या लेखांमध्ये सगळ्यांच्या रेषा सरळ असतात. आमचे लॅबप्रमुख, आम्ही त्यांना सर म्हणतो, ते म्हणतात, धीर धरा. धीर कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र सांगत नाहीत.

मला जो सीझन आठवतो, त्या वर्षी डेंग्यू फार होता. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यानं तपासणीतून उरलेलं रक्त आम्हाला द्यायचं कबूल केलं होतं. मी रोज सकाळी बर्फाचा डबा घेऊन तिथे जायची. कॉरिडॉरमध्ये सतरंज्या टाकून लोक झोपलेले, फिनाईलचा वास, कोणाच्या तरी डब्यातल्या वरणाचा वास, आणि प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी एकच शब्द, प्लेटलेट. त्या लोकांना वाटायचं मी औषध घेऊन आले आहे. मी खाली मान घालून त्यांच्या माणसांचं रक्त घेऊन निघून जायची.

आणि अहो, रेषा चढायला लागली! आजाऱ्याच्या रक्तात चढते, धडधाकट माणसाच्या रक्तात आडवी राहते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पूर्ण महिनाभर. सर सहसा हसत नाहीत, तेही हसले. मी त्या संध्याकाळी संत्रा बर्फी घेतली आणि नवऱ्याला, प्रशांतला, म्हटलं, चल, आधी खापरखेड्याला जाऊ.

खापरखेड्याला माझे सासरे राहतात. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वीज केंद्राच्या भांडारात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर वसाहतीला लागूनच घर बांधलं, कारण केंद्राची ती उंच चिमणी दिसली नाही तर त्यांना झोप येत नाही. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, सासूबाई ती झटकतात, परत बसते. मामाजींनी बर्फीचा डबा माझ्या हातून घेतला, उघडला, आणि घरात एक तुकडा न ठेवता सगळी बर्फी ओळखीच्या दारांत स्वतः फिरून वाटली. सुनेनं डेंग्यूची मशीन बनवली, घरची मशीन आहे आता, असं सांगत.

पुढच्याच आठवड्यात कळलं की आमची चिप डेंग्यू ओळखत नव्हती, झाकण ओळखत होती. हसू नका. झालं असं, की वॉर्डातल्या आजाऱ्यांचं रक्त आमच्याकडे जांभळ्या झाकणाच्या नळीत यायचं आणि धडधाकट लोकांचं पिवळ्या झाकणाच्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच एक रसायन घातलेलं असतं, पिवळ्यात ते नसतं. आमची सोन्याची राणी त्या रसायनाला पाहून चढत होती. एका दिवशी चुकून धडधाकट माणसाचं रक्त जांभळ्या नळीत आलं आणि रेषा डौलात वर गेली. मग आम्ही नळ्या मुद्दाम अदलाबदल करून पाहिल्या, आणि महिनाभराचं काम त्या दुपारी संपलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मला इतका राग आला, की चिपची अख्खी पेटी खिडकीतून फेकावीशी वाटली. कोणावर राग काढणार? झाकणावर?

घरी सांगितलं. प्रशांतला कळलं, सासूबाईंना अर्धं कळलं, मामाजींना कळूनही पटलं नाही. मोठ्या कामात असं होते, म्हणाले. वाटलेली बर्फी काही परत मागता येत नाही. वसाहतीत जो भेटेल तो विचारायचा, मशीन कशी आहे? मी 'चालू आहे काम' म्हणून सटकायची.

मग नवरात्र झाल्यावर मामाजींना ताप आला. अंग ठणकतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, अन्नाचा वास नको. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, शहरात जाऊन तपासणी करून घ्या, भरती व्हावं लागेल कदाचित. हे ढिम्म. आम्ही पोहोचलो तर मामाजी पलंगावर टेकून बसलेले, आणि समोर स्टुलावर त्यांचा ड्यूटीचा जुना थर्मास. नोकरीत असताना त्यात चहा न्यायचे. मला वाटलं काढा असेल. उघडला तर आत बर्फ, आणि बर्फात रक्ताची नळी. डॉक्टरकडच्या कंपाउंडरकडून रक्त काढून घेऊन माझ्यासाठी ठेवलं होतं.

घरची मशीन असताना बाहेर काहून जायचं, हा त्यांचा एकच प्रश्न. मी सांगून पाहिलं की आमच्या चिपवरून कोणाला रिपोर्ट द्यायची परवानगी नाही, ती अजून शिकते आहे. ते म्हणाले, मंग माह्यावर शिकू दे. तुझ्या मशीननं सांगितलं तर चाललो दवाखान्यात, नाहीतर नाही. शेवटी थर्मास उचलला आणि लॅबमध्ये गेले. कारण ती नळी मी नेली नसती तर ते जागचे हलले नसते.

रेषा आडवी राहिली. पुन्हा केलं, पुन्हा आडवी. आणि मला तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ज्याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याला दुसऱ्यांदा झाला तर त्याच्या शरीरातल्या जुन्या अँटीबॉडी त्या प्रथिनाला आधीच घट्ट कवेत घेतात. मग आमच्या चिपला ते दिसतच नाही. प्रथिन आहे, पण आंधळ्यासमोरून निघून गेलं. मामाजींना काही वर्षांपूर्वी असाच हाडं मोडणारा ताप येऊन गेल्याचं सासूबाईंनी सांगितलं होतं.

परत खापरखेड्याला गेले तर मामाजी चहा पीत बसलेले. ताप उतरला होता. चेहऱ्यावर समाधान, पण हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. सगळ्या आजारांत ताप उतरला की बरं वाटायचं असतं, डेंग्यूत ताप उतरला की घाबरायचं असतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो. त्यांनी विचारलं, मशीन काय म्हणते? मी खोटं बोलू शकले असते. पण तोंडून खरं ते निघून गेलं, की काही नाही म्हणते. झालं. त्यांनी सासूबाईंकडे विजयानं पाहिलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

मग जे भांडण झालं, तसं भांडण कोण्या सुनेनं सासऱ्याशी केलं नसेल. मी माझ्या मशीनच्या विरुद्ध, ते तिच्या बाजूनं. मी म्हटलं ती आंधळी आहे. ते म्हणाले, असं बोलू नये, इतक्या वर्षांची मेहनत आहे. मी म्हटलं ती झाकण ओळखते. ते म्हणाले, ते जुनं झालं, आता सुधारली असन. जगात माझ्या कामावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता आणि त्याचा जीव वाचवायला मला त्याचा विश्वास मोडायचा होता, आणि तो काही मोडत नव्हता. प्रशांत मध्ये पडला, त्यालाही दोन शब्द बसले. शेवटी मी ओरडले, "मामाजी, माझी मशीन खोटी आहे. काही कामाची नाही ती," आणि ओरडता ओरडता रडायला लागले. दुःखानं नाही, रागानं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात मी कधी रडले नव्हते.

मामाजी उठले. भिंतीला धरून उठले, पण उठले. "चाल बेटा," म्हणाले, "कुठी जाऊ म्हणतेस तिथी जाऊ. तू रडून नको राहू."

गाडीत मागच्या सीटवर ते डोळे मिटून बसले होते आणि मी कोराडीच्या रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मोजल्यासारखा अंगावर घेत होते. रामदासपेठेतल्या त्याच दवाखान्यात नेलं, जिथे मी बर्फाचा डबा घेऊन जायची. त्यांनी प्रथिन शोधलंच नाही, शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी तपासल्या, प्लेटलेट मोजल्या, पोटाची सोनोग्राफी केली. डेंग्यूच, आणि दुसऱ्यांदा. पोटात पाणी उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, उद्या आणला असता तर कठीण होतं. मी त्याच कॉरिडॉरमध्ये सतरंजीवर बसले. फिनाईल, वरण, प्लेटलेट.

तिथे पडल्या पडल्या, जरा बरं वाटायला लागल्यावर, मामाजींनी बाजूच्या खाटेवरच्या माणसाला सांगायला सुरुवात केली. माह्या सुनेच्या मशीननं पकडलं, डॉक्टरच्या आधी. मग नर्सला. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. मी एकटी सापडल्यावर त्यांना म्हटलं, मामाजी, असं काय सांगता, तिनं तर काहीच पकडलं नाही. ते किवी सोलत होते.

"मले काय समजत नाई का?" हळूच म्हणाले. "पन बर्फी मीनं वाटली होती बेटा. आता लोकं तुले हसतीन. तू चूप राह्य."

मी चूप राहिले नाही. सांगत फिरले, की तसं काही झालं नाही, मशीन फेल गेली होती. लोक हसायचे आणि म्हणायचे, किती साधी आहे पाहा सून. मामाजींची गोष्ट दरवर्षी थोडी वाढत गेली. गेल्या वर्षीच्या तिच्या रूपात डॉक्टर स्वतः मशीन बघायला मागत होते.

इकडे चिप अजून तिथेच आहे. म्हणजे पुढे गेली, नाही असं नाही. आता झाकणानं फसत नाही. आम्ही तिच्यावर एक पातळ थर चढवला आहे, रिकाम्या माणसांना पाटावर बसू न देणारा. पहिल्यांदा आजारी पडलेल्यांमध्ये बरं ओळखते. पण दुसऱ्यांदावाल्यांसमोर अजून आंधळी, आणि या शहरात दुसऱ्यांदावाले गल्लोगल्ली आहेत. प्रथिनाला त्या मिठीतून सोडवायला थोडं आम्ल घालून पाहतो, तर प्रथिनच बिघडतं. उष्णता देऊन पाहतो, तर रक्त दह्यासारखं थिजतं. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते. कधी वाटतं सोडून द्यावं, कुठेतरी शिकवावं, चार वाजता घरी यावं. मग मारबत निघते आणि मी परत बर्फाचा डबा धुऊन ठेवते.

गेल्या रविवारी सासूबाईंचा फोन आला. मामाजींच्या जुन्या सोबत्याची बायको, उकेकाकू, त्यांना चार दिवसांपासून ताप. डॉक्टरांनी शहरात जायला सांगितलं, पण काकू म्हणतात आधी घरची मशीन. रक्त काढून मामाजींच्या थर्मासमध्ये ठेवलं आहे, तू कधी येते वं?

तव्यावरची पोळी तशीच राहिली.

आम्ही पोहोचलो तेव्हा उकेकाकू खाटेवर भिंतीला टेकून, अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या. काका गेल्यापासून एकट्याच असतात. मला पाहून खुलल्या. ताप उतरला सकाळीच, म्हणाल्या, आता फक्त अशक्तपणा आहे. मी हात धरला. तोच गार, ओलसर हात. मी सांगायला सुरुवात केली, की काकू, लगेच निघायचं, मशीन हे सांगू शकत नाही, मामाजींच्या वेळी तिनं चुकीचं सांगितलं होतं. काकू प्रेमानं ऐकत होत्या आणि माझा एकही शब्द पोचल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तू मोठेपणा घेत नाही, भाऊजी सांगतात ना आम्हाले, म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी इतकी वर्षं या प्रथिनाच्या मागे आहे, आणि त्या खोलीत माझं खरं मामाजींच्या खोट्यापुढे उभं राहू शकत नव्हतं. असं वाटलं की कोणाला तरी धरून हलवावं.

तेवढ्यात मामाजी थर्मास घेऊन दारात आले. मी त्यांच्याकडे वळले. काय काय बोलायचं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "आता तुम्हीच सांगा."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. शाल पाहिली, हात पाहिला. रिटायर झाल्यापासून चौकात बसून सांगायला त्यांच्याकडे ती एकच गोष्ट होती, आणि ती सांगताना ते किती ताठ बसायचे ते मला माहीत आहे. थर्मास त्यांनी जमिनीवर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"वहिनी," म्हणाले, "मशीननं नोतं पकडलं."

काकूंना आधी कळलंच नाही.

"मशीन म्हने काही नाई. मी बी म्हटलं काही नाई. मरत होतो मी. हे पोरगी रडली म्हून दवाखान्यात गेलो, म्हून वाचलो. बाकी सारं मीनं जोडलं."

"मंग इतके वर्स काहून सांगून राहिले होते भाऊजी?"

मामाजींनी थर्मास उचलून खुर्चीखाली ठेवला. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. काकूंनी मग माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, आणि विचारलं, "मंग तुही मशीन करते तरी काय वं?"

"तुमच्यासारख्यांसाठी अजून काहीच नाही करत काकू," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी माझं ऐकलं. शाल बाजूला केली आणि खाटेखालच्या चपला पायानं चाचपायला लागल्या.